आपली टीम कुठली?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधली, आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली सगळेच बोलतात, मी फुटबॉलवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता आणि मग जोरात हसू. १९९७ च्या बॅचला आठवत असेल, पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून पायरीवर बसून राहणारी मुलगी म्हणजे मी. पीटीचे सर आज समोर बसलेत. सर, पोटात कधीच दुखत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांनी कबूल करते.

पण मी कोल्हापूरची आहे. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल खेळता येवो न येवो, त्यावर बोलता येतंच. आमचे आण्णा थंडी पडली की शाहू स्टेडियमवर जायला लागायचे. गल्लीतल्या तालमीची मॅच असली की त्या दिवशी दुकान लवकर बंद. मला दोन-तीनदा लुनावर पुढं उभी करून घेऊन गेले होते. मॅच काही कळली नाही, कागदाच्या पुडीतले शेंगदाणे तेवढे आठवतात. पण एक गोष्ट तेव्हाच डोक्यात बसली. टीम ही निवडायची गोष्ट नसते. ज्या गल्लीत जन्मलात त्या गल्लीची तालीम, आणि तालमीची असेल ती टीम. आडनावासारखी ती चिकटूनच येते.

ही समजूत घेऊन मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, आणि २०११ च्या सप्टेंबरात आयर्लंडला, डब्लिनला गेले. (घरी आईसमोर मी अजून "गेलो"च म्हणते. "गेले" म्हणायला मला पुण्यात शिकावं लागलं.)

पहिल्याच शनिवारी गावात फिरायला गेलो, तर रस्त्यावर जिकडेतिकडे लाल शर्ट. बापाच्या अंगावर लाल, लेकाच्या अंगावर लाल, बाबागाडीतल्या बाळाची टोपीही लाल. मी नवऱ्याला म्हटलं, इथल्या टीमची मॅच दिसतेय आज. पबच्या दारात उभ्या असलेल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "हो, लिव्हरपूलची." मी म्हटलं, "ते डब्लिनमध्ये कुठं आलं?" तो दोन मिनिटं हसत होता. लिव्हरपूल इंग्लंडमध्ये आहे, समुद्रापलीकडे. आणि पलीकडच्या पबमध्येही लाल शर्टच होते, पण ते मँचेस्टर युनायटेडचे. म्हणजे डब्लिनमधले दोन पब इंग्लंडमधल्या दोन शहरांसाठी एकमेकांवर डोळे वटारून बसलेले.

मला हे पटेना. आपल्याला इतिहासाच्या बाईंनी आयर्लंड शिकवलं होतं, आठवतंय का? कित्येक शतकं इंग्रजांची सत्ता, मोठा दुष्काळ, लढा, आणि १९२२ साली स्वतंत्र राज्य. ज्या देशानं इंग्रजांना घालवलं, तो देश शनिवारी दुपारी इंग्रजांच्या क्लबसाठी घसा कोरडा करतो? आणि गंमत म्हणजे इंग्लंडचा राष्ट्रीय संघ खेळत असला की हेच लोक समोरच्या संघाला पाठिंबा देतात, मग तो कुठलाही असो.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मी हे विचारलं. तो डब्लिनच्या टाला नावाच्या उपनगरातला. टालामध्ये शॅमरॉक रोव्हर्स या जुन्या आयरिश क्लबचं मैदान त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण हा गडी लहानपणापासून लंडनच्या टॉटनहॅमचा. मी विचारलं, का? तो म्हणाला, "बाबा टॉटनहॅमचे होते." बस. एवढंच उत्तर. मला एकदम आण्णा आठवले. याचीही टीम आडनावासारखीच आली होती, फक्त गल्लीतून आली नव्हती.

मग मी जरा खोलात गेले. प्रोग्रॅमरला सवय असते, बग दिसला की तो कुठून आला ते मागं मागं जाऊन शोधायची.

पहिलं कारण बोट. डब्लिनहून रात्री बोटीत बसलं की सकाळी लिव्हरपूल. १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं देश सोडून गेली. बऱ्याच जणांचं पहिलं पाऊल लिव्हरपूलच्या धक्क्यावर पडलं आणि पुष्कळजण तिथंच राहिले. नंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, पुन्हा लोंढेच्या लोंढे गेले. इंग्लंडचे रस्ते, बोगदे, इमारती बांधायला आयरिश मजूर आणि दवाखान्यांत आयरिश नर्सेस. प्रत्येक घरातला एक काका मँचेस्टरला, एक मावशी लंडनला. काका सुट्टीला येताना काय आणणार? मॅचचा कार्यक्रम छापलेलं पुस्तक, एक मफलर आणि तिथल्या गोष्टी.

दुसरं कारण खेळाडू. इंग्लंडच्या क्लबांत आपलीच पोरं खेळत होती. मँचेस्टर युनायटेडनं १९४८ साली एफए कप जिंकला तेव्हा कप्तान होता डब्लिनचा जॉनी कॅरी. आमच्या घराजवळ कॅब्रा म्हणून भाग आहे. तिथला लियम व्हेलन हा मुलगा युनायटेडकडून खेळायचा. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं, त्यात तो गेला. बावीस वर्षांचा होता. कॅब्रामधल्या एका पुलाला त्याचं नाव दिलंय. मी रोज कामाला जाताना त्या पुलावरून जाते. आता सांगा, त्या गल्लीतल्या माणसाला मी कुठल्या तोंडानं म्हणू की युनायटेड हा परका क्लब आहे? पुढं जॉनी जाइल्स लीड्सला, लियम ब्रॅडी आर्सेनलला, रॉनी व्हेलन लिव्हरपूलला, आणि कॉर्कचा रॉय कीन युनायटेडला कप्तान. प्रत्येक पिढीला आपलं पोर तिकडं दिसत राहिलं.

तिसरं कारण टीव्ही. आयर्लंडचं स्वतःचं टीव्ही केंद्र १९६१ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालं. पण पूर्व किनाऱ्यावर उंच अँटेना लावला की बीबीसी दिसायचं. १९६४ मध्ये बीबीसीनं शनिवारी रात्री फुटबॉलचा कार्यक्रम सुरू केला आणि पहिलीच मॅच दाखवली ती लिव्हरपूलची. घरात बसून, शेकोटीपुढं, मोठ्या मैदानावरची मोठी मॅच. त्यापुढं पावसात उभं राहून गावातली मॅच बघणार कोण?

यात एक बारकी गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास ज्या मॅच चालू असतात, त्या तिथल्या टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. का, तर लोकांनी घरात बसून मोठे क्लब बघितले तर गावोगावचे छोटे क्लब ओस पडतील. इंग्लंडनं आपल्या छोट्या मैदानांसाठी हे कुंपण घातलं. पण ते कुंपण आयर्लंडला लागू नाही. त्यामुळं इंग्लंडमध्ये बसून दिसत नाही ती शनिवारची तीनची मॅच डब्लिनच्या पबमध्ये दिसते.

आणि चौथं कारण कुणी पटकन सांगत नाही. आयरिश माणूस स्थानिक टीमवर प्रेम करत नाही असं अजिबात नाही. ते प्रेम दुसऱ्या खेळात गेलंय. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे त्यांचे स्वतःचे खेळ. १८८४ साली त्यांची संघटना निघाली, तिला जीएए म्हणतात. प्रत्येक गावाचा, प्रत्येक चर्चच्या हद्दीचा क्लब. खेळाडूंना पगार नाही, सोमवारी ते शिक्षक असतात नाहीतर शेतकरी. फायनलला डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२ हजार लोक येतात. आपल्या तालमींसारखंच आहे सगळं. पण या जीएएनं साध्या फुटबॉलला "परदेशी खेळ" ठरवलं आणि आपल्या सभासदांना तो खेळायला, बघायला बंदी घातली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड १९३८ मध्ये आयर्लंड विरुद्ध पोलंड ही फुटबॉलची मॅच बघायला गेले, तर जीएएनं त्यांना आपल्या आश्रयदातेपदावरून काढून टाकलं! ती बंदी १९७१ पर्यंत होती. म्हणजे स्थानिक फुटबॉल क्लबांची दोन्हीकडून अडचण झाली. गावाचा अभिमान गेला हर्लिंगकडे, आणि फुटबॉलची हौस गेली समुद्रापलीकडे. मधल्या मधे राहिली लीग ऑफ आयर्लंड, १९२१ पासून चालू असलेली त्यांची स्वतःची लीग.

आता मी त्या लीगच्या मैदानावर येते.

आम्ही डब्लिनच्या फिब्सबरो भागात राहतो. तिथं डेलीमाउंट पार्क नावाचं मैदान आहे. राष्ट्राध्यक्ष हाइड ज्या मॅचला गेले ती इथलीच. एके काळी तिथं चाळीस हजारांवर माणसं मावायची, आता चार-पाच हजार. चारी बाजूंनी घरं, मधल्या अरुंद बोळांतून आत जायची वाट, घरांच्या छपरांवरून दिसणारे दिव्यांचे उंच खांब. हे बोहेमियन्स क्लबचं मैदान. क्लब १८९० सालचा, आणि कुणा शेठचा नाही, सभासदांचा आहे. एक सभासद, एक मत. आपल्या दूध सोसायटीसारखं.

मी त्या मैदानापासून सात मिनिटांवर राहत होते, आणि अकरा वर्षं आत गेले नव्हते. माझा मुलगा तिथलाच जन्म झालेला. शाळेत जायला लागला आणि पहिल्याच वर्षी लिव्हरपूलचा झाला. वर्गात सगळे एक तर लिव्हरपूलचे नाहीतर युनायटेडचे, तिसरा पक्ष नाही. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही त्याला लिव्हरपूलला अ‍ॅनफिल्ड मैदानावर घेऊन गेलो. विमान, हॉटेल आणि तिकिटं मिळून झालेला खर्च मी आईला अजून सांगितलेला नाही. पण खोटं बोलणार नाही, पन्नासेक हजार लोक एका सुरात गायला लागले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या उन्हाळ्यात, आमच्या शेजारच्या आजोबांकडं बोहेमियन्सची दोन जादा तिकिटं होती. त्यांचा नातू आजारी पडला होता. म्हणाले, पोराला घेऊन या. पोरगं म्हणालं, "मी नाही येणार. ती खरी टीम नाही." मी विचारलं, खरी नाही म्हणजे? "टीव्हीवर कुठं असते ती?"

हे वाक्य मला लागलं. ज्याच्या घराच्या खिडकीतून मैदानाचे दिवे दिसतात, ते पोरगं म्हणतंय की टीव्हीवर नाही म्हणजे खरी नाही. ओढतच नेला त्याला.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठची मॅच. खेळ, मान्य करते, टीव्हीवरच्याइतका भारी नव्हता. पण गोलकीपरचा बॉलवर बसलेला ठोसा ऐकू येतो. राइट बॅकला प्रेक्षक नावानं हाका मारतात, आणि तो मागं वळून बघतो. हाफ टाइमला चिप्सच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाई निघाल्या मुलाच्या शाळेतल्या. मॅच सुटल्यावर मुलगा म्हणाला, "आई, त्या खेळाडूनं मला टाळी दिली." दोन दिवस तो हात धुवायला तयार नव्हता. तेव्हापासून आम्ही जातो. त्याच्या खुंटीला दोन्ही शर्ट आहेत, लिव्हरपूलचा लाल आणि बोहेमियन्सचा लाल-काळा.

जायला लागल्यावर मला दुष्टचक्र कळलं. लोक येत नाहीत म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून चांगला खेळाडू टिकत नाही. शेमस कोलमन नावाचा मुलगा स्लायगो रोव्हर्सकडून खेळत होता. इंग्लंडच्या एव्हर्टननं २००९ मध्ये त्याला साठ हजार पौंडांना नेला. पुढं तो एव्हर्टनचा कप्तान झाला, आयर्लंडचा कप्तान झाला, तीनशेच्या वर लीग सामने खेळला. साठ हजारांत! आणि चांगला खेळाडू गेला की लोक म्हणतात, बघा, आपल्या लीगमध्ये काही दम नाही. लीगवाले अशा घरबसल्या प्रेक्षकांना चिडून एक नाव ठेवतात, "बारस्टूलर". बारच्या उंच स्टुलावर बसून समुद्रापलीकडच्या टीमला "आम्ही जिंकलो" म्हणणारा.

आणि मैदानावर माणूस नसला की काय होतं? टालात येण्याआधीची शॅमरॉक रोव्हर्सची गोष्ट ऐका. देशातला सगळ्यात यशस्वी क्लब. १९८७ साली मालकांनी त्यांचं साठ वर्षांचं जुनं मैदान विकायला काढलं. प्रेक्षकांनी निदर्शनं केली, काही उपयोग झाला नाही. त्या जागी घरं झाली, आणि क्लब बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड हलवत राहिला. मधे दिवाळखोरीची वेळ आली तेव्हा प्रेक्षकांनीच वर्गणी काढून तो वाचवला. २००९ साली टालात नवीन मैदान मिळालं. आणि दोनच वर्षांत, २०११ मध्ये, युरोपा लीगच्या गटात पोचलेला तो पहिला आयरिश क्लब ठरला.

त्या गटात त्यांच्यासमोर कोण आलं? लंडनचं टॉटनहॅम. माझ्या सहकाऱ्याचं टॉटनहॅम! मी नुकतीच डब्लिनला आले होते, त्यामुळं तो सप्टेंबर मला नीट आठवतो. मी त्याला चिडवत होते, आता तू कुणाचा? तो म्हणायचा, "प्रश्नच नाही, टॉटनहॅमचा." मॅच लंडनमध्ये होती. दुसऱ्या हाफमध्ये रोव्हर्सनं पहिला गोल मारला. काही मिनिटं घरापासून चालत दहा मिनिटांवरची टीम टॉटनहॅमच्या पुढं होती. नंतर टॉटनहॅमनं तीन गोल मारून मॅच जिंकली. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, काय, खूष ना? तो म्हणाला, "जिंकलो. पण त्यांचा गोल झाला तेव्हा मी कोचावरून उडी मारून उठलो. बायको बघत होती. मी का उठलो, मला अजून कळलं नाही."

गेली चौदा वर्षं मी हे वाक्य डोक्यात घेऊन फिरतेय.

आता २०२५ ची गोष्ट. ती सांगू का नको, असं चाललं होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, त्याच्या बातम्या तुम्ही इथं वाचल्यात. पहिली मोठी बातमी टालातलीच होती. १ ऑगस्टला आपल्या दूतावासानं सूचना काढली, निर्जन ठिकाणी, अवेळी जाऊ नका. आईचा रोज फोन, "पोरगं घरी आलं का?" चौदा वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्यानं चालताना मागं वळून बघायला लागले. ज्यांच्यासोबत मी रोज बसने जात होते, त्यांच्या चेहऱ्यांकडं बघून मनात हिशेब करायला लागले. हे फार वाईट असतं. काही झालं नाही तरी वाईट असतं.

त्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मॅच होती. नवरा म्हणाला, राहू दे यावेळी, परत यायला रात्र होते. मुलगा ऐकेना. शेवटी निघालो. मैदानाच्या बोळाच्या तोंडाशी आमच्या पुढच्या रांगेत बसणारे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांचं आम्हाला फक्त पहिलं नाव माहीत. ते कुणाची तरी वाट बघत होते. आम्ही दिसल्यावर आमच्याबरोबर चालायला लागले. मॅच सुटल्यावर पुन्हा आमच्याबरोबर, थेट आमच्या कोपऱ्यापर्यंत, आणि त्यांचं घर तर उलट्या दिशेला. सगळा वेळ रेफरीला शिव्या देत होते, दुसरा विषय नाही. पुढच्या मॅचलाही तसंच. हल्ल्याबद्दल, भारताबद्दल, त्यांनी एक शब्द काढला नाही, आम्हीही नाही.

मला लिव्हरपूलबद्दल काही वाईट बोलायचं नाही. अ‍ॅनफिल्डवर आम्हाला फार छान वागवलं. पण अ‍ॅनफिल्डवरचं कुणी मला माझ्या कोपऱ्यापर्यंत सोडायला येऊ शकत नाही. ते त्यांच्या हातातच नाही. लांबच्या टीमवर आपण कितीही प्रेम केलं तरी त्या टीमला आपण आलो नाही हे कळत नाही. इथं आम्ही एक शुक्रवार चुकवला तर पुढच्या वेळी ते म्हातारे विचारतात, "गेल्या वेळी कुठं होता?"

तिकडं आता थोडं बदलतंय, हेही सांगते. २००३ पासून त्यांनी हंगामच बदलला. इंग्लंडसारखा हिवाळ्यात न खेळता वसंत ते शरद असा केला. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, अठरा वर्षांखालचा मुलगा इंग्लंडच्या क्लबला परदेशातून नेता येत नाही, त्यामुळं आयरिश पोरं अठरापर्यंत घरच्या क्लबांत वाढतात. चेल्सीकडून खेळलेला डेमियन डफ परत येऊन शेलबर्न या डब्लिनच्या क्लबचा प्रशिक्षक झाला आणि २०२४ मध्ये त्यांनी अठरा वर्षांनी लीग जिंकली. २०२५ च्या फेब्रुवारीत बोहेमियन्स विरुद्ध रोव्हर्स ही मॅच मोठ्या राष्ट्रीय मैदानावर घेतली, तर ३३ हजारांवर लोक आले. आमच्या मैदानावर आता आयत्या वेळी तिकीट मिळत नाही. माझ्या सहकाऱ्यानं गेल्या वर्षी रोव्हर्सचा सीझन पास काढला. टॉटनहॅम सोडलेलं नाही. म्हणतो, "शनिवार बाबांचा, शुक्रवार माझा."

हे वाक्य ऐकून मला कोल्हापूर आठवलं. २०२२ च्या वर्ल्ड कपला तुम्ही इथं मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे केवढाले कटआउट लावले होते, ते मी डब्लिनच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवले. पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या गेल्या होत्या. पण तीच पोरं शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या मॅचलाही हजर असतात. म्हणून तर इथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. मेस्सीला कोल्हापूर माहीत नसलं तरी चालतं, तालमीला मात्र गल्ली लागते. हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

फुटबॉलमध्ये लागलं नाही. शाळेच्या बाबतीत मात्र मी स्वतः बारस्टूलर आहे.

आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेबद्दल सगळ्यात जास्त कोण लिहितं? मी. जुने फोटो, बाईंच्या आठवणी, "आपली शाळा ती आपली शाळा", हे सगळं मीच टाकते. गेल्या अठ्ठावीस वर्षांत मी निदान बारा वेळा कोल्हापूरला आले असेन. शाळेच्या फाटकावरून रिक्षानं गेले. आत किती वेळा आले? आज पहिल्यांदा. आज सकाळी बाईंनी सांगितलं, आपल्या वेळी दहावीच्या तीन तुकड्या होत्या, आता एक आहे, आणि तीही भरत नाही. आपली मुलं, आपली भाचरं कुठं जातात ते आपल्याला माहीत आहे. त्याची कारणं आहेत. आयरिश माणसाकडं असतात तशीच खरी, विचार करून काढलेली कारणं आहेत. मी कुणाला दोष देत नाही. माझं स्वतःचं पोरगं डब्लिनला शिकतंय, मी कुठल्या तोंडानं देऊ?

पण एवढं मला डेलीमाउंटनं शिकवलंय की नुसत्या आठवणी काढून मैदान भरत नाही. त्यामुळं मी एवढंच ठरवलंय. दर वर्षी मी तीन आठवडे येते, त्यातला एक आठवडा या शाळेचा. आठवी-नववीच्या मुलांना कॉम्प्युटरचं जे मला येतं ते शिकवीन, आणि नाही शिकवता आलं तर मागच्या बाकावर बसून राहीन. मुख्याध्यापक सरांना मी तारखा देऊन ठेवल्यात. तिकडून ऑनलाइनही शिकवता येईल, पण ते पुन्हा स्टुलावर बसून झालं. जे इथंच राहतात, ज्यांचं दुकान, दवाखाना, ऑफिस या फाटकापासून दहा मिनिटांवर आहे, त्यांनी महिन्यातला एक शनिवार काढला तर माझ्या एका आठवड्यापेक्षा ते कितीतरी जास्त होईल. पैसे द्यायचे ते द्याच. पण पोरांना दिसू द्या, की या शाळेतून गेलेली माणसं आत येतात, आणि एखाद्या शनिवारी आली नाहीत तर कुणीतरी विचारतं, "गेल्या वेळी कुठं होता?"

आण्णा आता नाहीत. असते तर म्हणाले असते, एवढं लांब जाऊन शेवटी तालमीतच आलीस.

आणि सर, पुढच्या वर्षी त्या आठवड्यात पीटीचा तास असला तर मी पायरीवर बसणार नाही. बॉल मात्र हळू टाका.